बारा गणपतींचे डोळे

मला शांत बसता येत नाही, हे माझ्या माहेरी अमरावतीला सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात आले आणि त्याच गोष्टीसाठी मला पगार मिळू लागला. दोन हजार सालाच्या आगेमागे सॉफ्टवेअर कंपन्यांना अशीच माणसं हवी होती. एका कानाला फोन, समोर दोन पडदे आणि डोक्यात तिसरंच काहीतरी. मी त्यात तरबेज झाले. दात घासताना ईमेलची वाक्यं जुळवायची, मुलीचा अभ्यास घेताना गवार मोडायची आणि गवार मोडता मोडता अमेरिकेतल्या क्लायंटला "येस, येस, अब्सोल्यूटली" म्हणायची. कंपनीने एकदा मला सगळ्यांसमोर बक्षीससुद्धा दिलं. एकेक प्रोग्रॅम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासत बसण्याऐवजी आधी सगळ्यांची पहिली पायरी, मग सगळ्यांची दुसरी, असं गठ्ठ्याने काम करायची पद्धत मी बसवली होती. त्यातून निम्मा वेळ वाचला. वाचलेल्या वेळात मी काय केलं? आणखी काम केलं.

घर वाघोलीत घेतलं होतं. तेव्हा तिथे अर्धी शेतं होती आणि अर्ध्या इमारती. सकाळी सातला कंपनीची बस नगर रस्त्यावर यायची. संध्याकाळी घरी आले की क्लायंटचे फोन सुरू व्हायचे. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मला काही सांगायचं असलं की आधी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. लोकांना ते गोड वाटायचं. मला ते आवडायचं नाही, कारण ती असं का करते हे मला कळत होतं.

कंपनीला आमच्या तब्येतीची काळजी वाटली म्हणून एकदा तणावमुक्तीचं शिबिर झालं. पांढऱ्या कपड्यांतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून बसायला सांगितलं. मी मिटल्या डोळ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी पक्की केली आणि बाहेर येऊन म्हटलं, फार फायदा झाला.

त्या वर्षी भाद्रपदात मी शाडूचा गणपती आणायला कसबा पेठेत गेले. शेजारणीने पत्ता दिला होता. रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली असलेली एक खोली, भिंतींना फळ्या, फळ्यांवर मूर्ती आणि ओल्या मातीचा वास. खिडकीशी साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. त्यांचा हा कारखाना होता. सगळी पेठ त्यांना काकू म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या हातात बारीक कुंचला होता आणि समोरच्या मूर्तीला अजून डोळे नव्हते.

मी आत पाऊल ठेवलं तेवढ्यात माझा फोन वाजला.

"फोन बाहेर," काकू वर न बघता म्हणाल्या. "इथे डोळे चाललेत."

"मला जरा घाई आहे हो."

"घाई असेल तर कोपऱ्यावर प्लॅस्टरचे मिळतात. ते लगेच देतात."

माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, इथे हाकलतात. पण वाघोलीहून दोन बस बदलून आले होते, रिकाम्या हाती कशी जाणार? फोन बंद केला आणि दाराशी उभी राहिले, मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावत. काकूंनी कुंचला रंगात बुडवला, कपाच्या काठाला पुसला आणि करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली. त्यानंतर त्यांनी काहीच केलं नाही. नुसतं मूर्तीकडे पाहत राहिल्या. मग एक काळी रेघ, तिच्या शेजारी दुसरी. खाली दोन. मध्ये दोन ठिपके. आणि एकाएकी ती मातीची वस्तू माझ्याकडे बघू लागली.

किती वेळ गेला मला कळलं नाही. पण बाहेर पडून फोन चालू केला तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वेळात मला दुसरं काहीही सुचलं नव्हतं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. बसमध्ये मूर्ती मांडीवर घेऊन मी रडले. सरळ सांगते, दुःखाने नाही, हेव्याने. त्या म्हातारीला जे येत होतं ते मला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, मूर्तींचं काम सुरू व्हायच्या सुमारास, मी परत गेले.

"शिकवाल का मला?"

"तुम्हाला? कशाला?"

"मला शांत बसायला शिकायचंय."

"त्यात शिकायचं काय? बसा."

मी बसले. दर शनिवारी सकाळी, तीन वर्षं. पहिल्या वर्षी माती मळली, साच्यात दाबली, सुकलेल्या मूर्ती पॉलिश पेपरने घासल्या. दुसऱ्या वर्षी रंग हातात आला, पण तो फक्त उंदरांसाठी. पन्नास-साठ उंदीर मी रंगवले असतील. नंतर पितांबर, नंतर मुकुट. डोळे मात्र काकूंचेच. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "माझा मुलगा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. तो बॉम्ब करतो, मी गणपती करते. दोन्हीकडे नवशिक्याला शेवटचं काम देत नाहीत."

मी घरी सराव करत राहिले. आधी ऑफिसातल्या जुन्या छापील कागदांच्या पाठीवर. पण कागद सपाट असतो आणि चेहरा गोल असतो. मग पांढरा कांदा सापडला. सोललेल्या कांद्यावर दोन डोळे काढायचे, पुसायचे, परत काढायचे. एका रविवारी नवरा पोह्यांसाठी कांदा घ्यायला आला, तर टोपलीतून पाच-सहा कांदे त्याच्याकडे टक लावून बघत होते. तोही अमरावतीचाच. जरा मागे सरकून म्हणाला, "आता कांद्यायले बी डोळे काढून राह्यली का तू?" मुलीला तो प्रकार इतका आवडला की ती शाळेत सांगून आली, आमच्याकडे बघणारे कांदे आहेत म्हणून.

तिसऱ्या वर्षी काकूंचा मोतीबिंदू पिकला. गणपतीनंतर बघू, असं त्या दोन वर्षं म्हणत होत्या. या वेळी डॉक्टरांनी ऐकलं नाही. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी आली आणि दुसऱ्या डोळ्याने वस्तू नाकाशी धरली तरच काय ती दिसायची. बहुतेक मूर्तींचे डोळे त्यांनी आधीच उरकले होते. बारा राहिल्या होत्या, बारा घरांच्या. त्यातली काही घरं माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांच्याकडून मूर्ती नेणारी.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून गेले. काकूंनी कुंचला माझ्या हातात दिला.

"बारा राहिलेत. काढा."

"मला जमेल का हो?"

"मला काय विचारता? मला दिसतंय कुठे?"

आणि डोळ्यात औषध घालून त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. बस, एवढाच समारंभ. मी ज्यासाठी तीन वर्षं माती तुडवली ते काम असं फडक्यासारखं हातात आलं.

मी बारा मूर्ती ओळीने मांडल्या. हात छान चालत होता, कांद्यांची कृपा. पहिल्या गणपतीचा डावा डोळा इतका सुबक उतरला की मी खूश होऊन गेले. आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोक्यातली बक्षीसपात्र बाई जागी झाली. कुंचल्याला रंग आहे, हाताला वळण बसलंय, कोन जमलाय. मग आता उजवीकडे कशाला वळायचं? आधी बाराही डावे डोळे काढून घ्यावेत, मग बाजू बदलून बाराही उजवे. दिवसभराचं काम दीड तासात होईल. मला तर वाटलं, काकूंना ही पद्धत इतक्या वर्षांत सुचली कशी नाही!

दीड तासातच झालं. मी हात पुसत उभी राहिले आणि काकूंना हाक मारली. त्या भिंतीला धरत आल्या, पहिली मूर्ती उचलून चांगल्या डोळ्याशी नेली. मग दुसरी. तिसरी. चौथी हातात घेऊन थांबल्या.

"डावे सगळे आधी काढलेत?"

"हो. वेळ वाचला."

"वाचला ना. मग तो वापरून जरा बघा. ह्याचा एक डोळा तुमच्याकडे आहे आणि एक मोदकांकडे. हा दाराकडे बघतोय, पण अर्धाच. आणि ह्याच्यासमोर नमस्कार करायला माणसाने उभं कुठे राहायचं?"

मी वाकून पाहिलं. एकेकटा डोळा बघितला तर सगळे सुंदर होते. पण बारापैकी एकही गणपती कुणाकडे बघत नव्हता. साच्यातून काढल्यावर माना आणि सोंडा काकू हाताने जुळवायच्या, त्यामुळे प्रत्येक मूर्तीची मान किंचित निराळी होती आणि मी उजव्या डोळ्यापाशी परत येईपर्यंत डाव्याने कुठे पाहिलं होतं हे माझा हात विसरला होता. मला मुलीने वळवलेली माझी हनुवटी आठवली.

"अहो, डोळे नाही काढायचे," काकू म्हणाल्या. "बघणं काढायचं. ते अर्धं आज, अर्धं उद्या होत नाही."

मला राग आला. स्वतःचा आला, आणि त्याहून जास्त त्यांचा आला, कारण त्या ओरडतही नव्हत्या. मी म्हटलं, लोकांना सांगू या, या वर्षी दुसरीकडून घ्या म्हणून. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"चाळीस वर्षांत असं कुणाला सांगितलं नाही. उद्या चारपासून लोक यायला लागतील. पुसा."

शाडूची मूर्ती पुसणं सोपं नसतं. पाणी जास्त लागलं की माती सुटते. ओल्या कापसाने, बोटाच्या टोकाने, मी चोवीस डोळे पुसले, वर पांढऱ्याचा हात दिला आणि सगळ्या मूर्ती पंख्याखाली सुकायला ठेवल्या. काकूंनी एका मूर्तीच्या पापणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा पुसलं तर पापणी जाईल." म्हणजे आता एकच संधी होती. चुकलं तर बारा घरांच्या चौरंगावर बघायला न येणारा देव जाणार होता किंवा जाणारच नव्हता, आणि दोन्हींचं कारण मी असणार होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात मोठी डिलिव्हरी होती आणि रजा असली तरी फोन येणार हे नक्की होतं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "कुणी विचारलं तर सांग, डोळे काढायला गेलीय."

"कोनाचे म्हनून सांगू?"

"गणपतीचे सांग. विश्वास नाही बसला तर तुझे सांग."

सकाळी आठला मी काकूंकडे पोचले. या वेळी अकरा मूर्ती मुद्दाम पाठीमागे ठेवल्या, दिसू नयेत अशा. समोर एकच. पाटाखाली विटा घालून ती माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणली. करंगळी तिच्या गालावर टेकवली आणि थांबले.

थांबणं म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगते. आधी डिलिव्हरी आठवली. मग मुलीचा डबा. मग कालची फजिती, मग चार वाजता येणारी माणसं, मग पाठीला आलेली रग. मनात एकेक गिऱ्हाईक येत होतं आणि मी त्याला कुंचल्याच्या जोरावर बाहेर ढकलू बघत होते. ढकललं की दोन जास्त येत. शेवटी ढकलणं सोडून दिलं. या म्हटलं, बसा. कोपऱ्यात काकू वाती वळत होत्या, त्यांना त्यासाठी डोळे लागत नव्हते. त्यांनी एका शब्दाने मला घाई केली नाही. कधीतरी डोक्यातली गर्दी आपणच कंटाळून पांगली आणि समोर नुसता चेहरा उरला. किंचित पुढे कललेली मान, जरासा फुगीर गाल. हा कुणाकडे बघेल? असा कललेला आहे म्हणजे खाली बघेल, पाटाशी बसलेल्या लहान मुलाकडे. मी वरच्या दोन रेघा काढल्या. खालच्या दोन. आणि श्वास न सोडता दोन काळे ठिपके.

काकूंनी मूर्ती मागितली. नाकाशी धरली. माझ्या छातीत धडधडत होतं, बक्षीस घेतानाही तेवढं धडधडलं नव्हतं.

"बघतोय," त्या म्हणाल्या आणि परत वाती वळायला लागल्या.

दुसऱ्यालाही "बघतोय" म्हणाल्या. तिसऱ्यालाही. चौथी मूर्ती मी त्यांच्यापुढे धरली तर हात न लावताच म्हणाल्या, "मला कशाला दाखवता? तुम्हाला दिसतंय ना?" आणि मला दिसत होतं! पाचव्याची नजर समोर होती, थेट आणि थोडी खट्याळ. सातवा जरा गंभीर निघाला, कारण त्याची सोंड तशी होती. कुणालाही दुसऱ्यासारखं बघायला लावता येत नव्हतं, हे कळलं आणि मला विलक्षण आनंद झाला. बाहेर ढोलाचा सराव चालू होता, भाजीवाल्या ओरडत होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी स्कूटरवरून भांडत होतं, आणि मला ते सगळं नीट ऐकू येत होतं. मी त्यातलं काही थांबवायला गेले नाही. मी फक्त एका वेळी एकाच ठिकाणी होते. बाई गं, किती सोपं होतं ते, आणि तिथवर यायला मला किती वर्षं लागली!

बारावी मूर्ती झाली तेव्हा साडेतीन वाजले होते. मी कुंचला धुतला. मान अवघडली होती, कोपरापर्यंत रंग होता, आणि मला नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, कारण जागा नव्हती आणि आजूबाजूला गणपती होते.

चारला पहिले गृहस्थ आले. काळी टोपी, हातात पाट, पाटावर जरीचं वस्त्र. वडिलांच्या वेळेपासून मूर्ती इथूनच नेणारे. त्यांनी आपली मूर्ती उचलून डोळ्यांसमोर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मी भिंतीला टेकून उभी होते. पळून जावं का, असा विचारही येऊन गेला.

"छान," ते म्हणाले.

कसबा पेठेत 'छान' एकदाच म्हणतात, आणि तेही सहसा म्हणत नाहीत. मग त्यांनी खिशातून विडा आणि सुपारी काढली. तिथला रिवाजच तो, ज्याच्या हातून मूर्ती पुरी झाली त्याच्या हातावर विडा ठेवायचा आणि मगच देव उचलायचा. त्यांनी तो सवयीने काकूंपुढे धरला. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"डोळे ह्यांनी काढलेत. विडा ह्यांचा."

गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. सलवार कमीज, केसाला लागलेला पांढरा रंग.

"आपण कुठल्या?"

"वाघोलीची."

"त्याच्या आधी?"

"अमरावतीची."

"असं," ते म्हणाले. त्यांनी मूर्तीकडे परत एकदा पाहिलं. मग विडा दोन्ही हातांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि एवढा वयस्कर माणूस माझ्यासमोर मान लववून उभा राहिला. मला काय वाटलं ते लपवायचं काही कारण नाही. मी जिंकले होते. कुणाला हरवून नाही, घाई करून नाही, बारा वेळा एकेक गोष्ट करून जिंकले होते.

तोवर दारात पुढची मंडळी येऊन ठेपली. एक बाई काकूंना विचारू लागली, आमची मूर्ती कुठली, नेऊ का, तोंड झाकायचं का आत्ताच.

"मला काय विचारता?" काकू म्हणाल्या आणि चांगला डोळाही मिटून घेतला. "त्यांना विचारा. आज कारखाना त्यांचा आहे."

मी विडा पदराला नव्हे, ओढणीच्या टोकाला बांधला आणि दुसरी मूर्ती उचलायला पुढे झाले.